फ्रा आंजेलिकोच्या स्मृतितिकिटांवर देवदूत नाहीत

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत टपाल तिकिटांवरील युरोपीय धार्मिक चित्रांविषयी आलेला लेख मी एक तिकीटसंग्राहक म्हणून मोठ्या आपुलकीने वाचला. या विषयाला मराठी वृत्तपत्रात एवढी जागा मिळणे विरळाच, म्हणून लेखकाचे आणि आपले आभार आधीच मानतो. मात्र त्या लेखात पंधराव्या शतकातील इटालियन चित्रकार फ्रा आंजेलिको याची ओळख 'देवदूतांचा चित्रकार' एवढ्या दोन शब्दांत उरकली आहे, सोबत तुतारी वाजवणाऱ्या देवदूताचे नाताळचे एक तिकीट छापले आहे आणि चित्रकाराचे जन्मवर्ष 1387 असे दिले आहे. यांपैकी जन्मवर्ष चुकीचे आहे आणि ओळख अपुरी आहे. 1955 साली, त्याच्या मृत्यूला 500 वर्षे पूर्ण झाली तेव्हा, इटली आणि व्हॅटिकन या दोन्ही टपाल खात्यांनी त्याच्या स्मरणार्थ तिकिटे काढली, आणि त्याने रंगवलेल्या असंख्य देवदूतांना बाजूला ठेवून त्यांनी वेगळीच चित्रे निवडली. इटलीच्या तिकिटांवर आली ती दान घेणारी गरीब माणसे, आणि व्हॅटिकनच्या तिकिटांवर आला तो आपल्याजवळचे सारे वाटून टाकणारा संत. त्या निवडीत या चित्रकाराचे आयुष्य जितके नेमके उतरले आहे, तितके ते कोणत्याही सोनेरी पंखात उतरलेले नाही, असे माझे मत आहे आणि ते सविस्तर मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

आधी तिकिटांविषयी. इटलीने 1955 मध्ये दोन तिकिटे काढली. 10 लिरांच्या तिकिटावर संत स्तेफन गरिबांना दान देताना दिसतो आणि 25 लिरांच्या तिकिटावर संत लॉरेन्स ख्रिस्ती मंडळीचे, म्हणजे चर्चचे, धन गरिबांना वाटताना दिसतो. त्या काळी इटलीत देशांतर्गत साध्या पत्राला 25 लिरांचे तिकीट लागत असे, म्हणजे लॉरेन्सचे हे चित्र संग्राहकांच्या वह्यांपुरते छापलेले नव्हते, घराघरांतून निघणाऱ्या रोजच्या पत्रांवर ते चिकटले आणि शिक्का खाऊन परत घराघरांत पोचले. व्हॅटिकनने त्याच वर्षी 50 आणि 100 लिरांची दोन तिकिटे काढली आणि त्यांवर पोप सिक्स्तुस दुसरे व संत लॉरेन्स यांचे चित्र घेतले. ही चारही तिकिटे एकाच जागेकडे बोट दाखवतात, कारण चारही चित्रे व्हॅटिकनच्या राजवाड्यातील एका छोट्या प्रार्थनागृहाच्या भिंतींवरची आहेत. फ्लॉरेन्समध्ये या चित्रकाराची इतकी चित्रे असताना, आणि त्यांतील कित्येक रंगीत कार्डांवरून जगभर पोचलेली असताना, दोन टपाल खात्यांनी स्मरणासाठी ही एकच खोली निवडावी, याकडे लेखकाचे लक्ष गेले असते तर लेखाला निश्चितच खोली आली असती.

ते प्रार्थनागृह पोप निकोलस पाचवे यांचे खासगी प्रार्थनागृह होते आणि त्यांच्याच नावावरून त्याला 'कापेल्ला निकोलिना' म्हणतात. फ्रा आंजेलिकोने 1447 ते 1449 या काळात बेनोत्सो गोत्सोली आणि इतर साहाय्यकांना हाताशी धरून त्याच्या भिंती रंगवल्या. खोली लहान आहे, उंची तिच्या मानाने बरीच आहे, आणि दोन संतांची चरित्रे तीत एकावर एक मांडलेली आहेत. वरच्या पट्टीत स्तेफन आणि खालच्या पट्टीत लॉरेन्स. दोघेही डीकन होते, म्हणजे ख्रिस्ती मंडळीच्या दानधर्माची व्यवस्था पाहणारे सेवक. बायबलच्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात अशी हकिगत आहे की, रोजच्या वाटणीत काही विधवांची आबाळ होते अशी तक्रार आली, तेव्हा त्या कामासाठी सात जण निवडण्यात आले, आणि त्या सातांत पहिले नाव स्तेफनचे आहे. पुढे यरुशलेममध्ये त्याला दगडांनी ठेचून मारले. लॉरेन्स हा तिसऱ्या शतकातील रोमचा डीकन. सम्राट व्हॅलेरियनच्या काळात, 258 साली, पोप सिक्स्तुस यांचा वध झाला आणि त्यानंतर चारच दिवसांनी लॉरेन्सचाही झाला. परंपरा असे सांगते की, मंडळीचा खजिना हवाली कर असा हुकूम त्याला झाला तेव्हा त्याने ते धन आधीच गरिबांत वाटून टाकले होते, आणि मग आंधळे, पांगळे, निराधार यांना घेऊन तो अधिकाऱ्यापुढे उभा राहिला आणि म्हणाला की मंडळीचा खजिना तो हाच.

या गोष्टीतील दोन प्रसंग तिकिटांवर आले आहेत. व्हॅटिकनच्या तिकिटांवर सिक्स्तुस आणि लॉरेन्स आहेत, इटलीच्या तिकिटावर लॉरेन्स आणि त्याच्याभोवती जमलेले गरीब आहेत. भिंतीवरच्या एका चित्रात पोप धनाची थैली लॉरेन्सच्या हाती सोपवत आहेत आणि डावीकडे सैनिक दारावर धडका मारत आहेत. सिक्स्तुस यांच्या चेहऱ्यात चित्रकाराने आपल्या आश्रयदात्याचा, निकोलस पाचवे यांचा, चेहरा आणला आहे असे अभ्यासक मानतात. तसे असेल तर व्हॅटिकनच्या तिकिटावर तिसऱ्या शतकातील पोपच्या रूपाने पंधराव्या शतकातील पोपही आपल्याला भेटतात. निकोलस पाचवे यांचे निधन 24 मार्च 1455 रोजी, म्हणजे चित्रकाराच्या मृत्यूनंतर अवघ्या पाच आठवड्यांनी झाले, आणि त्यांच्याही पाचशेव्या पुण्यतिथीनिमित्त व्हॅटिकनने 1955 मध्येच स्वतंत्र तिकिटे काढली. ज्यांच्या वह्यांत या दोन्ही मालिका असतील त्यांनी त्या समोरासमोरच्या पानांवर लावून पाहाव्यात. चित्रकार आणि त्याला काम देणारा, दोघे एकाच वर्षी गेले आणि एकाच वर्षी तिकिटांवर आले.

लॉरेन्सच्या दानाचे मूळ भित्तिचित्र सुमारे 271 सेंटिमीटर उंच आणि 205 सेंटिमीटर रुंद आहे. तिकिटावर ते येताना काय उरते आणि काय हरवते, हे भिंगाखाली पाहण्यासारखे आहे. रंग हरवतात, हे उघडच आहे. तिकिटावर मूळ चित्राचे रंग आलेले नाहीत, त्यामुळे लॉरेन्सच्या गुलाबी झग्यावर सोन्याने काढलेल्या ज्वाळा, ज्या त्याला पुढे आगीवरच्या लोखंडी जाळीवर मरण येणार याची सूचना देतात, त्या तिकिटावर समजत नाहीत. माणसांची मांडणी मात्र टिकते. मधोमध, चर्चच्या दारात, मागे खांबांची रांग खोलवर जाताना दिसते अशा जागी लॉरेन्स उभा आहे. त्याच्या पायाशी जमिनीवर बसलेला एक पांगळा हात वर करून मागतो आहे. कुणी म्हातारा आहे, कडेवर मूल घेतलेली आई आहे, आणि एका बाजूला काठीने वाट चाचपत येणारा आंधळा आहे, ज्याला आपण योग्य ठिकाणी पोचलो की नाही हे अजून कळलेले नाही. आपला वाटा मिळालेली दोन लहान मुले एकमेकांना बिलगून निघाली आहेत. या माणसांना चित्रकाराने केविलवाणे केलेले नाही. पांगळ्याचा हात ज्या ताठपणे पुढे आला आहे, त्यात लाचारी दिसत नाही. आपला हक्क मागावा तसा तो आहे. आंधळ्याचा चेहरा तर इतक्या बारकाईने रंगवला आहे की, न पाहणाऱ्या माणसाची मान कशी किंचित वर उचललेली असते, हे चित्रकाराने रस्त्यावर उभे राहून पाहिले असले पाहिजे असे वाटते. देवदूत कल्पनेने रंगवता येतात. अशी माणसे पाहावीच लागतात.

हे चित्र कोणाच्या डोळ्यांसमोर होते, हेही लक्षात घेतले पाहिजे. निकोलस पाचवे हे व्हॅटिकनच्या ग्रंथालयाचा पाया घालणारे, रोम नव्याने बांधायला काढणारे पोप होते. त्यांच्या खासगी प्रार्थनागृहात निळ्या रंगाची आणि सोन्याची कसर केलेली नाही. अशा ठिकाणी, जिथे सामान्य माणसाचा पाय पडणे अशक्य होते, तिथे रोजच्या प्रार्थनेच्या वेळी पोपना दिसेल अशा उंचीवर हा पांगळा आणि हा आंधळा रंगवलेले आहेत. विषय पोपच्या दरबारातून ठरला असणार, हे मी नाकारत नाही. त्या काळी चित्रकार विषय निवडत नसत. पण नेमून दिलेल्या विषयातही कोणाला किती जागा द्यावी, कोणाचा चेहरा पूर्ण दाखवावा आणि कोणाला गर्दीत ढकलावे, हे चित्रकाराच्याच हातात असते.

आता चित्रकाराच्या आयुष्याकडे वळतो. त्याचे मूळ नाव ग्वीदो दि पिएत्रो. फ्लॉरेन्सच्या उत्तरेकडील मुजेल्लो खोऱ्यात विक्यो गावाजवळ त्याचा जन्म झाला. 1417 मधल्या एका कागदात तो चित्रकार म्हणून येतो, तोपर्यंत तो गृहस्थच होता. 1423 पर्यंत मात्र तो डॉमिनिकन संघात दाखल होऊन फ्रा जोव्हान्नी झालेला दिसतो. 'फ्रा' म्हणजे बंधू, संन्यासी. फ्लॉरेन्सजवळच्या फिएझोले येथील ज्या मठात त्याने दीक्षा घेतली, तो मठ संघाच्या कडक व्रते पाळणाऱ्या शाखेचा होता. डॉमिनिकन हा मुळात भिक्षेवर जगणाऱ्यांचा संघ, त्यातही ही शाखा स्वतःच्या मालकीचे काही ठेवायचे नाही यावर आग्रही. तेव्हा या चित्रकाराने आयुष्यभर जे कमावले त्यातले काहीही त्याचे नव्हते. 1433 मध्ये फ्लॉरेन्सच्या लिननच्या कापडाच्या व्यापाऱ्यांच्या संघाने, म्हणजे 'लिनायोली'ने, त्याला एका भव्य देव्हाऱ्याचे काम दिले. त्या करारात मोबदला 190 सोन्याचे फ्लोरिन, किंवा त्याची सदसद्विवेकबुद्धी सांगेल तेवढा त्याहून कमी, असे लिहिलेले आहे. किंमत कमी करण्याचा निर्णय गिऱ्हाइकाने चित्रकाराच्या विवेकावर सोपवावा, असा करार मी दुसऱ्या कोणाही चित्रकाराच्या बाबतीत वाचलेला नाही. आणि गंमत अशी की आपल्या लेखासोबत छापलेला तुतारीवाला देवदूत याच देव्हाऱ्याच्या चौकटीवरचा आहे. त्या चौकटीवर वाद्ये वाजवणारे बारा देवदूत आहेत, आणि गेली दीडशे वर्षे शुभेच्छापत्रांवर, दिनदर्शिकांवर आणि नंतर नाताळच्या तिकिटांवर तेच पुन्हा पुन्हा छापले जात आहेत. ते सुंदर आहेत, यात शंका नाही. पण मूळ कामात ते चौकटीच्या कडेला उभे आहेत, आणि छपाईने कडेचे काढून मध्यभागी आणले आहे.

1436 मध्ये पोप यूजीन चौथे यांनी फ्लॉरेन्समधील सान मार्कोचा पडका मठ फिएझोलेच्या डॉमिनिकनांना दिला. कोसिमो दे मेदिची याने खर्च उचलला, मिकेलोत्सो याने बांधकाम केले, आणि फ्रा आंजेलिकोने साहाय्यकांसह तिथल्या भिंती रंगवल्या. या मठाविषयी मला थोडे थांबून लिहिलेच पाहिजे, कारण त्याच्या कामाचा गाभा तिथे आहे. वरच्या मजल्यावर संन्याशांच्या चाळीसहून अधिक कोठड्या आहेत आणि प्रत्येक कोठडीत, लहानशा खिडकीशेजारी, ओल्या गिलाव्यावर रंगवलेले एकेक चित्र आहे. त्यांत सोने नाही, गर्दी नाही, देखावा नाही. सातव्या कोठडीत ख्रिस्ताची विटंबना रंगवली आहे, पण विटंबना करणारी माणसे तिथे नाहीतच. हवेत तरंगणारे काही हात, थुंकणारे एक तोंड आणि टोपी उचलून खोटे मुजरे करणारा एक हात एवढेच दिसते, आणि खाली मरिया व संत डॉमिनिक आपापल्या विचारात गढून बसले आहेत. ही चित्रे एका संन्याशाने दुसऱ्या संन्याशासाठी काढली होती. ती पाहायला कोणी येणार नव्हते. जिना चढून वर येताच समोर दिसते ते देवदूत गॅब्रिएल मरियेला निरोप देतो ते प्रसिद्ध चित्र. त्याच्या खाली, येथून जाताना प्रार्थना म्हणायला विसरू नका, अशा अर्थाचा मजकूर आहे. हे चित्र अनेक देशांच्या नाताळच्या तिकिटांवर आले आहे, पण हा मजकूर कापला जातो आणि चित्र जिन्याच्या माथ्यावर आहे हेही कळत नाही. दमून वर चढणाऱ्या माणसाच्या नजरेच्या टप्प्यात ते मुद्दाम ठेवले आहे, हे तिकीट सांगू शकत नाही. म्हणूनच तिकिटाशेजारी चार शब्द लिहिणारा लेखक लागतो.

याच मठात त्याचा सहकारी होता अंतोनिनो पिएरोत्सी, जो सान मार्कोचा मठाधिपती झाला आणि 1446 मध्ये फ्लॉरेन्सचा आर्चबिशप. 1442 मध्ये त्याने बारा गृहस्थांची एक मंडळी स्थापन केली, 'बुओनोमिनी दि सान मार्तिनो', म्हणजे सान मार्तिनोचे सज्जन. खाऊनपिऊन सुखी असलेली जी कुटुंबे अचानक विपत्तीत सापडली होती आणि लाजेपोटी कोणापुढे हात पसरू शकत नव्हती, त्यांना गाजावाजा न करता मदत पोचवणे हे तिचे काम. ही मंडळी फ्लॉरेन्समध्ये आजही काम करते. जॉर्जो वसारी याने 1550 मध्ये प्रसिद्ध केलेल्या कलावंतांच्या चरित्रांत अशी कथा दिली आहे की, पोपना फ्रा आंजेलिकोलाच आर्चबिशप करायचे होते, पण लोकांवर अधिकार चालवणे आपल्याला जमणार नाही असे सांगून त्याने गरिबांची कणव असलेल्या आणि आपल्याहून लायक अशा आपल्या बंधूचे नाव सुचवले. वसारीच्या सगळ्याच कथा जशाच्या तशा घेता येत नाहीत. या कथेत त्याने पोपचीही गफलत केली आहे. पण अंतोनिनोचे काम ही कागदोपत्री सिद्ध असलेली गोष्ट आहे, आणि ज्याच्या शेजारच्या कोठडीत असा माणूस राहत होता त्या चित्रकाराने पुढे पाच-सहा वर्षांतच रोममध्ये लॉरेन्सचे दान रंगवले, हा क्रम मला दुर्लक्ष करण्याजोगा वाटत नाही.

वसारीनेच आणखीही सांगितले आहे. प्रार्थना केल्याशिवाय तो कुंचला हाती घेत नसे. क्रुसावरचा ख्रिस्त रंगवताना त्याच्या डोळ्यांतून धारा लागत. पोपनी एकदा जेवताना मांस खाण्याचा आग्रह केला तेव्हा माझ्या मठाधिपतींची परवानगी नाही असे तो भाबडेपणाने म्हणाला, समोर बसलेल्या पोपचा अधिकार मठाधिपतीच्या वर आहे हे त्याच्या ध्यानातच आले नाही. या कथांनी त्याची एक हळवी, स्वप्नाळू, जगाशी संबंध नसलेली प्रतिमा तयार केली आणि एकोणिसाव्या शतकाने ती फार आवडीने जोपासली. 'आंजेलिको', म्हणजे देवदूतासारखा, हे त्याला मृत्यूनंतर मिळालेले नाव त्या प्रतिमेला चपखल बसले. वस्तुतः हा माणूस 1450 च्या सुमारास फिएझोलेच्या मठाचा मठाधिपती होता, चित्रशाळेतले साहाय्यक सांभाळत होता, एकाच वेळी दोन शहरांतील कामांचे करार करत होता. 1447 च्या उन्हाळ्यात ऑर्व्हिएतोच्या कॅथेड्रलमध्ये त्याने एका छताचे काम सुरू केले आणि ते अर्धवट सोडून तो रोमला परतला; ते पूर्ण करायला चित्रकार लूका सिन्योरेल्ली यावा लागला, आणि तोही 1499 मध्ये. भिंतीवरचे खांब, कमानी, जमिनीवरच्या फरशा त्याने नव्या यथादर्शनाच्या, म्हणजे सपाट चित्रात खोली भासवण्याच्या, नियमांनी इतक्या काटेकोर रेखल्या आहेत की, स्वप्नात राहणाऱ्याचे ते काम नव्हे. त्याची भक्ती खरी होती. तिला भाबडेपणा समजणे चूक आहे.

18 फेब्रुवारी 1455 रोजी रोममध्ये डॉमिनिकनांच्या मठात तो वारला आणि शेजारच्या सांता मारिया सोप्रा मिनेर्वा या चर्चमध्ये त्याला पुरले. त्याची समाधी आजही तिथे आहे. शिळेवर संन्याशाच्या वेशात तो कोरलेला आहे. तिच्यावरचा लॅटिन लेख लोरेंत्सो व्हाल्ला या पंडिताने रचला असे मानतात. त्या लेखातले पहिले दोन चरण चित्रकाराच्या तोंडी आहेत, आणि त्यांचा अर्थ असा: मी दुसरा अपेलीस होतो म्हणून माझी स्तुती करू नका, हे ख्रिस्ता, माझी सारी मिळकत मी तुझ्या माणसांना देत आलो, ती माझी स्तुती असो. अपेलीस हा प्राचीन ग्रीसचा सर्वश्रेष्ठ चित्रकार, चित्रकाराला यापेक्षा मोठी उपमा नव्हती. ती उपमा उच्चारून लगेच बाजूला सारली आहे. आता या ओळी वाचून कोणी 1955 ची इटालियन तिकिटे समोर ठेवावीत. एका तिकिटावर स्तेफन देतो आहे, दुसऱ्यावर लॉरेन्स देतो आहे, आणि समाधीवर चित्रकार स्वतः सांगतो आहे की मीही दिले. त्याच्या पाचशेव्या पुण्यतिथीला याहून योग्य चित्रे शोधूनही सापडली नसती. आणि हेही आठवावे की ती तिकिटे निघाली तेव्हा युद्ध संपून दहाच वर्षे झाली होती. ज्या इटालियन घरांत ती 25 लिरांच्या पत्रावरून पोचली, त्यांतल्या कितीतरी घरांनी दान घेण्याची रांग स्वतः पाहिलेली होती.

त्याच्या नावामागे 'बेआतो', म्हणजे धन्य, हे विशेषण लोक शतकानुशतके लावत आले होते, पण चर्चने त्याला अधिकृतपणे धन्य घोषित केले ते पोप जॉन पॉल दुसरे यांनी 3 ऑक्टोबर 1982 रोजी, आणि 1984 मध्ये त्याच पोपनी त्याला कलावंतांचा, विशेषतः चित्रकारांचा, पालक संत म्हणून जाहीर केले. तिकिटे 1982 च्या घोषणेआधी सत्तावीस वर्षे निघाली, हा तपशील आपल्या लेखात उलटा झाला आहे. धन्य घोषित झाल्यामुळे त्याच्यावर तिकिटे निघू लागली असे तेथे सुचवले आहे.

राहता राहिला जन्मवर्षाचा प्रश्न. 1387 हे वर्ष वसारीच्या मजकुरावरून आले आणि जुन्या ज्ञानकोशांतून, चित्रसंग्रहांतून व संग्राहकांच्या वह्यांतून ते पिढ्यानपिढ्या उतरवले गेले. 1955 च्या सुमारास फ्लॉरेन्सच्या दफ्तरखान्यांतून जी कागदपत्रे उजेडात आली, त्यांवरून तो 1417 मध्ये अद्याप दीक्षा न घेतलेला तरुण चित्रकार होता हे स्पष्ट झाले, आणि म्हणून आता त्याचा जन्म सुमारे 1395 चा मानतात. आठ वर्षांचा हा फरक क्षुल्लक नाही. 1387 धरले तर मासाच्चो आणि त्याच्या पिढीच्या नव्या चित्रकलेसमोर तो एक जुन्या वळणाचा, वयस्क, मागे राहिलेला चित्रकार ठरतो, आणि त्याच्याविषयी बराच काळ तसेच लिहिले गेले. 1395 धरले तर तो त्याच पिढीचा, त्याच प्रयोगांत सामील असलेला माणूस ठरतो. तो जुना नव्हता, तारीख चुकीची होती.

2025 च्या सप्टेंबरपासून फ्लॉरेन्समध्ये पलात्सो स्त्रोत्सी आणि सान मार्कोचे संग्रहालय यांनी मिळून त्याच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरवले आणि सान मार्कोच्या वेदीच्या पटाचे देशोदेशी विखुरलेले तुकडे त्यानिमित्त पुन्हा एकत्र आणले. त्या पटाच्या खालच्या पट्टीवर कोस्मास आणि दामियान या दोन वैद्य संतांची गोष्ट आहे, जे उपचाराचे पैसे घेत नसत. मेदिची घराण्याचे ते कुलसंत, म्हणून ते तिथे आले हे खरे. तरीही या चित्रकाराच्या हातून पुन्हा पुन्हा काहीही न घेता देणारी माणसेच रंगवली गेली, हे माझ्या मनातून जात नाही.

माझी आपणास विनंती अशी आहे की, ही लेखमाला पुढे चालणार असेल तर तिकिटावरील चित्राखाली केवळ देश आणि किंमत न छापता मूळ चित्राचे नाव, ते आज कुठे आहे, आणि ते भिंतीवर, वेदीवर की पोथीच्या पानावर आहे, एवढे तीन शब्द तरी द्यावेत. तिकीट म्हणजे मोठ्या चित्राचा नखाएवढा तुकडा. तो कुठून कापला हे कळले की वाचक उरलेले चित्र स्वतः शोधून पाहतो. जन्मवर्षाची आणि 1982 च्या घोषणेच्या क्रमाची दुरुस्ती पुढील अंकात प्रसिद्ध करावी. आणि जागा असेल तर, तुतारीवाल्या देवदूताच्या जोडीला 1955 चे 25 लिरांचे तिकीटही छापावे. माझ्या संग्रहातील प्रतीवर शिक्का अगदी कोपऱ्यात पडला आहे, त्यामुळे लॉरेन्स, पांगळा आणि काठी टेकत येणारा आंधळा तिघेही स्वच्छ दिसतात. तिचे मोठे छायाचित्र मी या पत्रासोबत पाठवीत आहे.

कळावे,
आपला विश्वासू,
एक तिकीटसंग्राहक वाचक